भाड्याच्या घरात कोणती उपकरणे द्यावीत : नागपूरच्या एका घरमालकाचा हिशेब

मनीषनगर परिसरातील दोन सदनिका मी काही वर्षांपासून भाड्याने देत आलो आहे. एकीत बहुधा मिहान किंवा हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणारे एखादे कुटुंब असते आणि दुसरीत शिकायला आलेली मुले असतात. दोन्हीकडे विजेचे बिल भाडेकरू भरतो आणि उपकरण बिघडले की खर्च माझा होतो. त्यामुळे स्वतःच्या घरासाठी खरेदी करताना जे निकष लावावेत, ते येथे जसेच्या तसे चालत नाहीत. वस्तू किती वर्षे बिघडणार नाही, असे मी दुकानदाराला विचारत नाही. बिघडलीच तर गल्लीतला मेकॅनिक सीताबर्डीच्या बाजारातील मोदीच्या गल्ल्यांतून सुटा भाग आणून ती त्याच दिवशी सुरू करू शकेल का, एवढेच विचारतो. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, भाडेकरूला चार दिवस थांबायला सांगावे लागेल असे महागडे उपकरण माझ्या दृष्टीने टिकाऊ नव्हे.

नागपुरात अर्थातच सुरुवात कूलरपासून करावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते, म्हणूनच पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा हा साधा पेटारा येथे उत्तम काम करतो. पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. त्यात बिघडण्यासारखे मुळात फार काही नाही : पंख्याची मोटर, पाणी वर चढवणारा छोटा पंप, पाण्याची नळी आणि तीन बाजूंचे गवत. टाकीतले पाणी संपल्यावरही पंप कोरडाच फिरत राहिला की तो जळतो, पण तो स्वस्त असतो आणि कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. गवत दर हंगामात बदलावे लागते. हनीकोंब पॅड अधिक हंगाम टिकतात हे खरे. तथापि बोअरच्या पाण्यातील क्षारांमुळे त्यांची भोके बुजत जातात आणि मग पंखा नुसता घरघरत राहतो. ज्या लेआउटमध्ये बोअर किंवा टँकरचे पाणी आहे तेथे मी साधे गवतच पसंत करतो.

कूलरच्या बाबतीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि तो टिकाऊपणाचा नसून सुरक्षिततेचा आहे. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भातील वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. ओली फरशी, अनवाणी पाय, पत्र्याची बॉडी आणि पंपाची सोललेली वायर एकत्र आल्यावर दुसरे काही घडणारही नाही. म्हणून भाड्याच्या घरात मी पत्र्याऐवजी फायबरच्या बॉडीचा कूलर देतो. तो दिसायला किरकोळ वाटतो, परंतु त्याची टाकी गंजत नाही आणि बॉडीत करंट उतरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. त्याच्या जोडीला तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत गेलेले अर्थिंग आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. हा फरक अनेक घरमालकांना ठाऊक नसतो. पाणी भरण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढायचा, ही सूचना मी मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत कूलरवर चिकटवून ठेवतो. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करण्याची सूचनाही त्याच कागदावर असते.

एसी देण्याचा आग्रह अलीकडे वाढला आहे. त्याच्या लेबलावरील तारे आणि वार्षिक युनिटांचा आकडा ज्या पद्धतीने काढतात, तीत बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश आणि वापर वर्षाला १६०० तास धरलेला असतो. नागपूरचा मे महिना या कोष्टकाच्या बाहेर पडतो. लेबल खोटे आहे असा याचा अर्थ नाही. एकाच कोष्टकावर मोजलेले दोन एसी ताडून पाहण्यासाठी ते उपयोगीच आहे. परंतु आपल्याकडील दुपारी एसी किती थंड करील, हे त्यावरून कळत नाही. बाहेर किती तापमानापर्यंत यंत्र चालेल हा आकडा माहितीपत्रकात वेगळा दिलेला असतो. तो ५० अंशांच्या आत असेल तर मी ते मॉडेल सोडून देतो. गच्चीखालच्या मजल्यावरील खोलीला एक टनाचा एसी पुरत नाही, तो सतत पूर्ण ताकदीने चालतो आणि लवकर थकतो, म्हणून तेथे दीड टनाचाच बसवावा. कॉइल तांब्याची असावी, कारण गळती झाल्यास ती जागेवर झाळून पुन्हा गॅस भरता येतो. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये. शिवाय ‘दहा वर्षांची वॉरंटी’ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, पीसीबी म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि मेकॅनिकची मजुरी तीत धरलेली असतेच असे नाही. व्यावसायिक वापराला वॉरंटी लागू नाही, असेही एक वाक्य बारीक अक्षरांत अनेकदा आढळते. पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांनी ते बिल करण्यापूर्वी वाचावे.

गिझर हे नागपूरच्या बाह्य वस्त्यांमधील खरे दुखणे आहे. महापालिकेचे पाणी कन्हान नदीतून आणि पेंच प्रकल्पातून येते आणि ते गिझरला फारसा त्रास देत नाही. बेसा-बेलतरोडीकडे मात्र बोअरचे जड पाणी कॉइलवर पांढरा थर चढवते. मागच्या हिवाळ्यापूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने टाकीतून मॅग्नेशियमची सळई बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. नवी असताना बोटाएवढी जाड असणारी ती सळई झिजून आतली तार उघडी पडली होती आणि तिच्यावरून चुन्यासारखे पापुद्रे सुटत होते. तो म्हणाला, “काकाजी, ही सळई आहे तोवर टाकी वाचते. ही संपली की पाणी टाकीलेच खाते.” त्याने सांगितले ते शास्त्रालाही धरून आहे : मॅग्नेशियम पोलादापेक्षा आधी गंजते आणि त्यामुळे टाकी शाबूत राहते. ही सळई काही शे रुपयांत मिळते आणि टाकी फुटली तर नवा गिझर घ्यावा लागतो. जड पाण्याच्या भागात दर वर्षी, अन्यत्र दोन वर्षांतून एकदा ती तपासून घ्यावी. आतून काचेचा लेप असलेली टाकी, आयएसआय चिन्ह आणि १५ लिटरची क्षमता एवढे मी पाहतो. इमारतीत प्रेशर पंप असेल तर ८ बारचा दाब सहन करणारा गिझर घेतो. तीन लिटरचे इन्स्टंट गिझर स्वस्त पडतात, पण ते बहुधा तीन किलोवॉटचे असतात आणि जुन्या वायरिंगला तेवढा भार झेपत नाही, म्हणून ते मी देत नाही.

पंख्यांविषयी माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो आणि बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालवल्यास एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. बचत खरी आहे, पण ती भाडेकरूच्या खिशात जाते. पीसीबी गेला किंवा रिमोट हरवला की फोन मात्र मला येतो. साध्या पंख्याचा वेग मंदावला तर त्याचा कंडेन्सर बदलून काम भागते. कुटुंब दीर्घकाळ राहणार असेल तर मी बीएलडीसी पंखे देतो, कारण कमी बिलामुळे भाडेकरू टिकतो आणि घर रिकामे राहण्याचा तोटा कोणत्याही पंख्याच्या किमतीपेक्षा मोठा असतो. मुलांच्या सदनिकेत मात्र रेग्युलेटरचा साधाच पंखा.

फ्रिज एका दाराचा, डायरेक्ट कूल, १८०-१९० लिटरचा असावा. त्याला एकच शत्रू आहे आणि तो म्हणजे फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडणारा माणूस. सुरीचे टोक आतल्या पत्र्यात घुसले की गॅस निघून जातो आणि ती दुरुस्ती क्वचितच मनासारखी होते. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे गॅस भरायला जाणकारच माणूस बोलवावा. वॉशिंग मशीन द्यायचेच असेल तर सेमी-ऑटोमॅटिक, खाली उंदीर शिरणार नाहीत अशा जाळीसह. आरओ, चिमणी, मायक्रोवेव्ह आणि टीव्ही मी देत नाही. आरओच्या फिल्टरवरून होणारे वाद त्याच्या किमतीपेक्षा महाग पडतात.

या सर्व खर्चाचा आयकराशी असलेला संबंधही समजून घेतला पाहिजे. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. आपण दुरुस्तीवर प्रत्यक्षात किती खर्च केला याने तीत फरक पडत नाही. म्हणजे महाग वस्तू घेतली म्हणून कर कमी होत नाही आणि स्वस्त वस्तू वारंवार दुरुस्त केली तरीही होत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार असला तरी त्यातून सुटका नाही. त्याच कराराला उपकरणांची यादी जोडावी आणि तीत प्रत्येकाचे मॉडेल, अनुक्रमांक व खरेदीची तारीख नमूद करावी. झीज होऊन बिघडलेली वस्तू घरमालक दुरुस्त करील, हलगर्जीपणाने मोडलेली भाडेकरू करील, असे नुसते लिहून भागत नाही. कूलरचे गवत, रिमोटचे सेल आणि एसीच्या जाळीची सफाई भाडेकरूकडे. गिझरची सळई, एसीची वार्षिक सर्व्हिसिंग आणि आरसीसीबीची तपासणी माझ्याकडे. फ्रीजरला सुरी लागल्यास गॅसचा खर्च डिपॉझिटमधून, अशी नावानिशी विभागणी माझ्या यादीत असते. चावी देण्यापूर्वी प्रत्येक उपकरण भाडेकरूसमोर सुरू करून दाखवतो आणि त्या यादीवर त्याची स्वाक्षरी घेतो.