तुम्ही विचारलंत म्हणून : सॅपर (लष्करी इंजिनिअर) वडिलांवर लिहायचं आहे, पण माहिती कुठून आणायची?

"बाबा लष्करात इंजिनिअर होते. त्यांच्यावर चार पानं लिहायची आहेत, पण नोकरीबद्दल ते घरी कधी बोललेच नाहीत." नाशकात हे वाक्य फार वेळा कानावर येतं, बहुधा रामकुंडावरचे दहाव्याचे विधी आटोपल्यावर. तेराव्याला वाटायची म्हणून घाईने पुस्तिका छापू नका. 'शिस्तप्रिय, देशभक्त, कुटुंबवत्सल' एवढंच हाती लागतं आणि ते कुणालाही चिकटतं. वर्षश्राद्धापर्यंत वेळ घ्या.

आधी पदकं काढा. चकचकीत करायला पॉलिश लावून घासू नका. बहुतेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते घासून पुसट होतं. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर 'हिमालय', 'जम्मू-काश्मीर', 'नेफा' (आजचा अरुणाचल) अशी पट्टी असेल तर माणूस कुठे राहिला ते कळलं. १९७१ च्या लढाईचे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार वेगवेगळे आहेत. आघाडी कोणती, ते तिथेच ठरतं.

मग पत्रं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, फक्त '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). पहिल्याची टपाल व्यवस्था दिल्लीमार्गे, दुसऱ्याची कोलकात्यामार्गे. म्हणजे ९९ दिसलं की ईशान्येकडे बघायचं. पाकिटं फेकून नुसती पत्रं जपणारी घरं पुष्कळ. तारखेचा शिक्का मात्र पाकिटावरच असतो.

आणि सगळ्यांत भरवशाचा कागद लष्कराचा नाहीच. तो म्हणजे तुमचे शाळा सोडल्याचे दाखले. फील्डमध्ये, म्हणजे सीमेजवळच्या तैनातीत, कुटुंब नेता येत नाही, पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, नेता येतं. मुलांच्या शाळा ज्या गावांत, ज्या वर्षांत बदलल्या, त्या वडिलांच्या पीस पोस्टिंग. मधे आई मुलांना घेऊन गावी किंवा सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहिली असेल, तर तेवढा काळ ते बहुधा फील्डमध्ये. दाखले वर्षवारीने लावा आणि आईसमोर ठेवा. "खडकीला कधी होतात?" असं विचारलं तर तिला आठवणार नाही, "धाकटा झाला तेव्हा बाबा कुठे होते?" याचं उत्तर ती लगेच देईल. लष्करातही लग्न आणि मुलांचे जन्म 'पार्ट टू ऑर्डर' या कार्यालयीन आदेशाने नोंदवले जातात. तिथली जन्मतारीख किंवा आईचं नाव दाखल्याशी जुळत नसेल तर घाबरू नका, पण कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अडण्याआधी दुरुस्ती करून घ्या.

जवान किंवा जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) असतील तर डिस्चार्ज बुक मिळेल, त्यात भरतीची तारीख आणि एकूण सेवा असते. सुभेदारांना निवृत्तीच्या सुमारास २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन हुद्दा मिळालेला असू शकतो. तो गाळला तर त्यांच्या बरोबरीच्यांना फार लागतं. पीपीओचा, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा, फोटो मात्र पुस्तिकेत छापू नका. त्यावरचे क्रमांक भलत्याच्या हाती जाऊ नयेत.

नाशिककरांची एक चूक मला खटकते. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणामुळे इथे फौजी म्हटला की तोफखान्यातला, असं धरून चालतात. त्यात 'सर्वत्र' हा शब्द तोफखान्याच्या ब्रीदात आहे आणि सॅपर्सचं तर ब्रीदच 'सर्वत्र'. टोपीवरचा बिल्ला नीट बघा. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीला, मद्रासचं बंगळुरूला, बंगालचं रुडकीला. अधिकारी असतील तर एकाच नोकरीत इंजिनिअर रेजिमेंट, एमईएस (छावण्यांची बांधकामं आणि देखभाल बघणारी शाखा), सीमा सडक संघटना आणि दापोडीचं सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय) अशी चारही ठिकाणं येऊ शकतात. 'बांधकाम बघायचे' एवढंच लिहिलंत तर सुरुंग काढणारा माणूस आणि छावणीच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी असलेला माणूस एकच होऊन जातो.

अल्बममध्ये लोखंडी जाळीच्या पुलाचा फोटो हमखास असतो. तो बेली पूल. एक पॅनल १० फूट लांब, वजन सुमारे २६० किलो. दांडे घालून सहा जण उचलतात. पुढचं टोक वर वळलेलं आणि फळ्यांवाचून दिसतं म्हणून पूल मोडलाय असं समजू नका. ते लाँचिंग नोज. पूल रोलरवरून ढकलताना ते आधी पलीकडच्या काठाला पोहोचतं, आणि वजनाने खाली झुकणार म्हणून आधीच वर उचलून जोडतात. फोटोखाली हे दोन ओळींत लिहा, नातवंडं तो फोटो पुन्हा बघतील.

शेवटी माळ्यावरची काळी पेटी उतरवा. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि स्टेशन लिहिलेलं असतं. बदली झाली की जुन्यावर काळा हात मारून नवं लिहायचे. अंधारात टॉर्च तिरकी धरलीत तर खालची अक्षरं उठून दिसतात. हुद्दे आणि गावं वाचून उतरवून घ्या, आणि तोवर पेटीला कुणाला रंग लावू देऊ नका.