काय रझाकारी मांडलीय!

घरात पोरांनी फार गोंधळ घातला की आजी अजूनही म्हणते, "काय रझाकारी मांडलीय रे!" तिला आता ८४ वर्षं झाली. १९४८ च्या उन्हाळ्यात मुरूडजवळच्या आमच्या गावातून तिला बैलगाडीत, कडब्याखाली झोपवून बार्शीला नेलं होतं. बार्शी भारतात होती, आमचं गाव निजामाच्या हैदराबाद राज्यात, आणि तिथे रझाकार या निजामाच्या बाजूच्या खासगी सशस्त्र टोळ्यांची दहशत होती.

हल्ली युक्रेनच्या अझोव्ह पथकाबद्दल वाचताना आजीचा हा शब्द डोक्यातून जात नाही. मे २०१४ मध्ये आंद्री बिलेत्स्कीच्या कट्टर राष्ट्रवादी मंडळींनी ते पथक उभं केलं. त्यातल्या काहींची वंशश्रेष्ठत्वाची भाषा उघड होती, आणि चिन्ह नाझी तुकड्यांच्या खुणेशी मिळतंजुळतं. सहा महिन्यांत सरकारने पथक नॅशनल गार्डमध्ये घेतलं. पगार सरकारचा, हुकूम सरकारचा. बिलेत्स्की निवडून संसदेत गेला. पुढे नवी पोरं भरती होत गेली. अमेरिकेच्या काँग्रेसने २०१८ मध्ये त्यांना शस्त्रं द्यायला घातलेली बंदी जून २०२४ मध्ये उठली. चिन्ह मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि ते मला खुपतं.

आमच्याकडे उलटं झालं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. निजामाचं शिष्टमंडळ भारताशी करार करायला दिल्लीला निघणार होतं, त्या दिवशी, २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, त्याच्या जमावाने शिष्टमंडळातल्या लोकांची घरं घेरली. विमान गेलंच नाही. निजामाचे पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि रझवीला चालणारे लायक अली आले. सरकारने रझाकारांना वेसण घालायची, तर रझाकारांनीच सरकारला घातली! मग त्यांना बदलायची गरज काय उरली? भारतात सामील व्हा असं लिहिणारे 'इमरोज' या वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये भर रस्त्यात मारलं. मारला गेलेला मुसलमानच होता, हे आमच्याकडे १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं; ही 'पोलीस ॲक्शन' पाच दिवसांत आटोपली. रझाकार संपले, पण तो शब्द उरला, आणि ज्या मुसलमानांनी कधी हातात काठीही धरली नव्हती त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. भारत सरकारने पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने त्या दिवसांत २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. आमचं गाव तेव्हा त्यातच.

आजी बार्शीहून परतली तेव्हा शेजारच्या मोमीनाचं घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. तो रझाकार होता का, असं मी परवा विचारलं. आजी माझ्याकडे बघतच राहिली.

"कशाचा रझाकार बाई! लुगडी विणायचा. माझ्या मायचं लुगडं अर्धं त्याच्या मागावरच राहिलं."