आज १६ सप्टेंबर

१९६५च्या भारत-पाक युद्धात याच तारखेला लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पाकिस्तानातल्या सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले. मुंबईत जन्म, पुण्यात शिक्षण, आणि पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडंट. आज दिवसभर त्यांच्याविषयीच वाचत होतो.

११ सप्टेंबरला फिलोराजवळ ते जखमी झाले. उपचारासाठी मागे जायला त्यांनी साफ नकार दिला. मन इथंच अडकलं. ते मागे गेले असते तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पण आपला साहेब जखमी असूनही पुढच्याच रणगाड्यात आहे, हे पाहून जवानांना केवढं बळ आलं असेल! १४ तारखेला वझीरवाली, १६ला जस्सोरान आणि बुटूर-डोगरांडी ही गावं त्यांच्या रेजिमेंटनं जिंकली. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, तरी ते लढत राहिले. शेवटी रणगाड्यानं पेट घेतला.

सहा दिवसांत रेजिमेंटनं शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले, आपले नऊ गमावले. तारापोरांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. वय अवघं ४२. (माझ्याएवढंच, म्हणून जास्तच लागलं.)

रात्री मुलीला नकाशावर फिलोरा आणि त्याच्याजवळचं चविंडा दाखवत ही सगळी हकीकत सांगितली. तिनं त्यांचा फोटो मागितला, तो इथेही टाकतोय.