प्लग शेवटी निघाला, म्हणून एक्सएसएलटी

टेम्प्लेटिंगला, म्हणजे साच्यात डेटा भरून पानं बनवायला, काय वापरायचं यावर मी दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी कळलं की डोकं भलत्याच गोष्टीवर खपवत होतो. काम सोपं वाटलं होतं. एका मशीनचं मॅन्युअल एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या तुकड्यांना टॅग लावून ठेवलेली फाईल), सोबत सुट्या भागांची यादी, तीपण एक्सएमएलमध्येच, आणि दोन्हींची एचटीएमएल पानं करायची. म्हटलं एक्सएमएलच्या नादी कोण लागतंय, पार्सर (फाईल वाचून तिचे तुकडे पाडणारा प्रोग्रॅम) लावला, सगळ्याचं जेसन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा डेटा, केलं आणि हँडलबार्समध्ये, म्हणजे साच्यात डेटा भरणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, टेम्प्लेटं लिहायला घेतली.

यादी तासाभरात झाली. एकच गोची, ज्या भागाचा स्टॉक शून्य त्याच्यापुढे आकडाच येईना, कारण हँडलबार्सच्या 'इफ' या अटीला शून्य म्हणजे काहीच नाही, त्याला इन्क्लूडझीरो असं वेगळं सांगावं लागतं. ठीके, चालतंय.

मॅन्युअलचं मात्र पार वाटोळं झालं. मूळ वाक्य होतं "झाकण उघडण्याआधी प्लग काढा, मगच स्क्रू सैल करा", त्यात "प्लग काढा" ठळक. पार्सरने काय केलं, तर साधा मजकूर सगळा एका खणात गोळा केला आणि ठळक टॅग दुसऱ्या खणात टाकला, कोण कुणाच्या आधी हे गेलंच. पानावर आलं "झाकण उघडण्याआधी, मगच स्क्रू सैल करा प्लग काढा". आधी हसलो, मग लक्षात आलं की हे वाचून कुणीतरी खरंच शेवटी प्लग काढेल.

क्रम राखायची सेटिंग पार्सरमध्ये असते, ती लावली. पण मग डेटा म्हणजे ॲरेत ॲरे, यादीच्या पोटात यादी, आणि टेम्प्लेटमध्ये प्रत्येक तुकड्याला विचारत बसायचं की बाबा तू मजकूर आहेस, ठळक आहेस, लिंक आहेस की तळटीप, आणि तुझ्या पोटात अजून कोण आहे. पार्शलमधून (टेम्प्लेटचा सुटा तुकडा) तेच पार्शल परत बोलवायचं. हे म्हणजे एक्सएसएलटीच (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा) हाताने लिहिणं झालं, तेही वाईट.

म्हणून निमूट एक्सएसएलटी घेतलं. १९९९ चं प्रकरण आहे, लिहायला कंटाळवाणं, पण अप्लाय-टेम्प्लेट्सला तोड नाही. ठळक आलं तर हे कर, तळटीप आली तर ते कर, एवढं टॅगवार सांगायचं, बाकी क्रम मूळ डॉक्युमेंटचा जसाच्या तसा. बारा-तेरा छोटी टेम्प्लेटं लिहिली आणि मॅन्युअल उभं राहिलं. पहिल्या रनला मात्र सगळा मजकूर एकाला एक चिकटून आला, एकही टॅग नाही. फाईलच्या डोक्यावर डिफॉल्ट नेमस्पेस (सगळे टॅग कुठल्या गटातले ते सांगणारं नाव) होती, आणि स्टाइलशीटमध्ये, म्हणजे एक्सएसएलटीच्या फाईलीत, त्या नेमस्पेसला प्रीफिक्स (छोटं उपनाव) देऊन तो प्रत्येक नावापुढे लावला नाही तर एक्सएसएलटीच्या १.० आवृत्तीत एकही टेम्प्लेट जुळत नाही, मग त्याचे अंगभूत नियम नुसता मजकूर ओकत सुटतात. एरर वगैरे काही नाही, गुपचूप.

ब्राउझरमध्येच एक्सएसएलटी चालवायचा विचार सोडून दिला. तिथे अजून १.० च आहे, ज्यात साधं ग्रुपिंग करायचं तर 'की' नावाची अनुक्रमणिका लावून द्राविडी प्राणायाम (२.० मध्ये, म्हणजे २००७ ला, त्याला सरळ फॉर-ईच-ग्रुप आलं), आणि क्रोमने तर २०२५ मध्ये ते काढून टाकायचंच जाहीर केलंय. बिल्डच्या वेळी, म्हणजे साइट चढवायच्या आधीच, सॅक्सन-जेएस या एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमने पानं करून ठेवतो, त्यात ३.० चालतं.

यादी अजून हँडलबार्समध्येच आहे, ती हलवायचं काही कारण नाही. पानाची चौकटपण त्याचीच, आणि मॅन्युअलचं तयार एचटीएमएल त्यात ओततो तिथे तीन महिरपी कंस आहेत, कारण दोनच ठेवले तर हँडलबार्स ते एस्केप करतो, म्हणजे टॅगांचा साधा मजकूर करतो, आणि सगळे टॅग पानावर अक्षरशः वाचायला मिळतात. हा मजकूर आमच्याच स्टाइलशीटमधून येतो म्हणून तीन चालतात, यादीत कुठेच नाहीत. परवा एकाने कोड साफ करताना तिसरा कंस जास्तीचा समजून काढला, आता त्याच्यावर कॉमेंट आहे, हात लावू नका.