जुन्या रेड्सचा ब्लाइंड राउंड: माळ्यावरची बाटली विरुद्ध वाइन फ्रिजमधली

तर यावेळचा ब्लाइंड राउंड, म्हणजे लेबल झाकून वाइन चाखायची, झाला घोडबंदरच्या मित्राकडे. ज्यांना फक्त रिझल्ट हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, इटलीची बरोलो पहिली आली. पण माझ्या डोक्यात अजून घोळतेय ती वेगळीच भानगड, म्हणून बाकीच्या बाटल्या पटापट उरकतो.

सेटअप नेहमीचाच. नऊ जण, म्हणजे 750 मिलीतून तळाचा गाळ सोडला तर माणशी 75 मिलीच्या आसपास येते, तीन-चार घोटांत खेळ खल्लास, त्यामुळे नियम एकच, आधी वास घ्यायचा, मग लिहायचं, मग तोंड उघडायचं. बाटल्या दोन दिवस आधीपासून उभ्या ठेवलेल्या. रद्दीच्या पेपरात गुंडाळून रबरबँड लावला आणि नंबर मित्राच्या मुलीने टाकले, त्यामुळे यजमानालाही पत्ता नाही कुठली कुठे आहे. वाइन 17 डिग्रीच्या आसपास दिली. ठाण्यात ऑक्टोबरमध्ये हॉलच 31-32 वर असतो, त्या तापमानाला रेड प्यायली की नाकात नुसती अल्कोहोलची झळ जाते, तेव्हा एसी शेवटपर्यंत चालू. खायला साधा पाव आणि पाणी, बस. एकाने येताना मामलेदारची मिसळ आणू का विचारलं तर ग्रुपवर त्याला सगळ्यांनी मिळून झापला. जिभेवर तिखट असलं की टॅनिन (रेडमधला तोंड आवळणारा तुरटपणा) दुप्पट बोचतं राव.

एक नंबर टाकलेली बाटली निघाली अकलूजची सेट्टे, दहा वर्षांवरची. द्राक्षं सँजिओव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों. निम्म्या लोकांनी बिनधास्त इटलीतलं टस्कनी लिहिलं, आणि त्यात तसं हसण्यासारखं काही नाही, सँजिओव्हेसे तिकडचंच द्राक्ष. सुकं चेरी, थोडा तंबाखू, आंबटपणा अजून जागा. आपल्याकडची रेड दोन वर्षांत पिऊन टाका असं सरसकट सांगतात ते बहुतेक बाटल्यांना लागू आहे, सगळ्यांना नाही. (आणि आपली द्राक्षं तोडतात जानेवारी ते मार्च, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला, म्हणजे लेबलवर साल एकच असलं तरी आपली बाटली सहा-आठ महिन्यांनी थोरली, हे वय मोजताना लक्षात ठेवा.)

दोन नंबर फ्रान्सची बोर्दो, नदीच्या डाव्या काठची (लेफ्ट बँक), 2009. भरपूर पिकलेलं फळ, गुळगुळीत, सगळ्यांना आवडली, कोणीच वेडं झालं नाही. तीन नंबर बरोलो 2010, आणि इथे मजा आली. बरोलोचं द्राक्ष नेबिओलो, त्याचा रंग मुळातच फिका, कडेला विटकरी, त्यामुळे ग्लास उजेडात धरूनच बहुतेकांनी हीच सगळ्यात म्हातारी म्हणून लिहून टाकलं. मग घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या. वास गुलाब, डांबर, संत्र्याची साल, आणि ग्लासात अर्धा तास ठेवली तर दर पाच मिनिटांनी बदलत होती. नियमाने बरोलो विकायच्या आधी किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात, तरीही एवढ्या वर्षांनी टॅनिन असं ताठ. चौथी डमी होती, म्हणजे फसवायला मुद्दाम घातलेली, नाशिकची दोन वर्षांची शिराझ. जांभळ्या रंगावरून लगेच पकडली गेली, पुढच्या वेळी डमीला काळे ग्लास लागणार.

आता पाच आणि सहा. या दोन्ही एकच वाइन, स्पेनच्या रिओहा भागातली, खूप मुरवून विकतात ती ग्रान रिझर्व्हा, 2005, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. आमच्या ग्रुपमधल्या नौपाड्याच्या काकूंच्या मुलाने दोन्ही बॅगेत घालून आणल्या होत्या (ड्यूटी-फ्रीची मर्यादा 2 लिटर, म्हणजे अशा दोनच बसतात). एक ग्रुपमधल्या वाशीवाल्याच्या वाइन फ्रिजमध्ये गेली, 13 डिग्रीला आडवी. दुसरी काकूंच्या माळ्यावर, जुन्या बिल्डिंगचा वरचा मजला, स्लॅबखाली, दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्यामागे, दहाएक उन्हाळे.

उघडतानाच फरक दिसला. फ्रिजवालीचं बूच दोन पात्यांच्या ओपनरने अख्खं निघालं, लेव्हल जवळपास मानेपर्यंत. माळावालीचं बूच किंचित वर सरकलेलं, बाजूने वाइन झिरपून सुकल्याचा डाग, लेव्हल खांद्याच्या खाली. उष्णतेने वाइन फुगते, बूच ढकलते, रात्री थंड झाली की हवा आत ओढते, हे रोज चाललेलं. रंग बघा, फ्रिजवाली डाळिंबी-विटकरी, माळावाली सरळ चहा. वास फ्रिजवालीला चामडं, सुकं अंजीर, नारळासारखा तो अमेरिकन ओकच्या पिंपाचा गोडसर वास, आणि खाली फळ अजून शिल्लक. माळावालीला खजूर, आमसूल, करपलेली साखर, बास.

जुनी रेड मऊ होते ती टॅनिन एकमेकांना आणि रंगद्रव्याला चिकटून जड होतात आणि गाळ बनून खाली बसतात म्हणून. दोन्ही बाटल्यांत गाळ होता. पण फ्रिजवालीत ते सावकाश झालं आणि फळ टिकलं, माळ्यावर ऑक्सिडेशनने, म्हणजे आत शिरलेल्या हवेने, आधीच फळ खाऊन टाकलं. म्हणून कोणी मला "किती जुनी आहे" म्हणून बाटली दाखवली की मी आधी विचारतो, होती कुठे?

आणि तरी, काकूंनी माळावालीला जास्त मार्क दिले! पेपर काढायच्या आधी, म्हणजे स्वतःची म्हणून नव्हे. "बाकीच्या सगळ्या तोंड आवळतात रे, ही गोड लागते." आणखी एकाचं तेच. मग तासभर वाद. माझं म्हणणं, आवडू दे ना, पण ती रिओहा राहिलेली नाही, त्या ग्लासातून द्राक्षही ओळखता येत नाही आणि गावही.

काकूंच्या बाजूने पुरावा मात्र शेवटच्या बाटलीनेच दिला. दहा वर्षांची मदिरा, म्हणजे पोर्तुगालच्या मदिरा बेटावरची वाइन, बुआल द्राक्षाची. मदिरा मुद्दामच तापवतात, एका पद्धतीत टाकीत 45-50 डिग्रीला किमान तीन महिने, दुसरीत पिंपं वर्षानुवर्षं छपराखालच्या गरम खोल्यांत. म्हणजे तिकडेही माळाच! फरक एवढाच की तिच्यात स्पिरिट घालून अल्कोहोल 19 टक्क्यांच्या आसपास नेलेलं असतं आणि आंबटपणा जबरदस्त, तो एवढं सगळं सोसूनही मरत नाही. खजूर, करपलेली साखर, तेच वास, पण घोट गिळल्यावर जीभ स्वच्छ. काकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतली, मग माळावालीचा ग्लास बाजूला सरकवला, मी काही बोललो नाही.

उरलेली मदिरा वाशीवाल्याकडे आहे, उघडल्यावरही महिनोन् महिने टिकते, त्यामुळे जे आले नाहीत त्यांना चाखता येईल.

पुढचा राउंड व्हाइटचा, रीस्लिंग द्राक्षाच्या जुन्या बाटल्या, कारण आंबटपणाचा हा मुद्दा तिथे नीट तपासता येईल. ऐरोली-नेरुळ-बेलापूर कडच्या कोणाकडे एकाच वाइनच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या जागी पडून असतील, एक कपाटात एक फ्रिजमध्ये अशा, तर उघडू नका प्लीज, दोन्ही घेऊन या.