तुम्ही विचारलंत म्हणून : हे कार्ड चांगलं आहे का?

महिन्यातून दोनदा तरी मला फोटो येतो. कॉम्प्युटरवर खेळांचं चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा : कधी दुकानातल्या कोटेशनचा, कधी ऑनलाइन सेलचा. खाली एकच ओळ : "हे कार्ड चांगलं आहे का?" विचारणारा ऑफिसातला असतो, सोसायटीतला असतो, आणि सगळ्यात जास्त वेळा माझा भाचा असतो. मी उलट विचारते, "मॉनिटर कोणता आहे?" की पलीकडे शांतता. ग्राफिक्स कार्डाबद्दल विचारलं तर ही मॉनिटरचं काय काढून बसली!

पण तिथूनच सुरुवात होते. मॉनिटर १९२० बाय १०८०चा असेल तर कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात, साधारण २०.७ लाख ठिपके रंगवायचे असतात. २५६० बाय १४४०चा असेल तर तेच ३६.९ लाख होतात. म्हणजे जे कार्ड एकाकडे आरामात पळतं ते दुसऱ्याकडे धापा टाकतं. आणि पडदा ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ६०च चित्रं दाखवणारा, असेल तर सेकंदाला १४० फ्रेम देणारं कार्ड घेऊन त्यातल्या निम्म्याहून जास्त पडद्यावर पोचतच नाहीत.

दुसरी गोष्ट सरासरीची. जाहिरातीत, व्हिडिओत, मित्रांच्या गप्पांत सगळीकडे एकच आकडा फिरतो : सरासरी अमुक एफपीएस, म्हणजे सेकंदाला इतक्या फ्रेम. एक हिशोब करून बघा. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यातल्या ५९ प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत आल्या आणि शेवटच्या एकीला २९२ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १०००. कोपऱ्यातला आकडा ऐटीत ६० दाखवेल, आणि तुम्ही मात्र वळणावर पाव सेकंदाहून जास्त गोठून भिंतीवर आदळलेले असाल. म्हणून मी सरासरीकडे नंतर बघते. आधी बघते ते सगळ्यात मंद १ टक्का फ्रेम कशा आहेत. एका फ्रेममागे किती पैसे पडतात हे काढायला किमतीला भागायचंच असेल तर त्या मंद फ्रेमांच्या आकड्याने भागा.

हे मला पुस्तकी माहीत होतं. अंगावर आलं ते भाच्याच्या घरी. त्याला एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०६० घ्यायचं होतं, कारण माझ्याकडे तेच आहे आणि माझ्याकडे त्याचा आवडता खेळ लोण्यासारखा चालतो. म्हटलं, घेण्याआधी लावून बघू. कार्ड काढलं, अँटिस्टॅटिक पिशवीत घातलं आणि शनिवारी दुपारी ठाण्याहून डोंबिवलीला लोकलने मांडीवर घेऊन गेले. कॅबिनेटची एक बाजू उघडी, वर पंखा फुल, पडद्याच्या कोपऱ्यात रिव्हाट्यूनर नावाच्या प्रोग्रामचा फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याचा, आलेख. तोच खेळ, तीच सेव्ह फाइल, त्याच सेटिंग्ज.

पहिली दोन मिनिटं आलेख सरळ रेषेत. मग पात्र बाजारपेठेत शिरलं आणि आलेखाला दाभणासारखी टोकं फुटायला लागली. कोपरा वळला की एक, दार उघडलं की एक. भिंतींचे पोत (टेक्श्चर) आधी चिखलासारखे, मग सावकाश स्पष्ट. सरासरी मात्र माझ्या मशीनपेक्षा फार खाली नव्हती. भाचा म्हणाला, "मावशी, तुझं कार्ड बिघडलंय."

बिघडलं नव्हतं. ४०६०वर ८ जीबी मेमरी असते. खेळाला त्याहून जास्त लागली की उरलेला माल मशीनच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआयईच्या, म्हणजे कार्डाला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या, वाटेने ये-जा करतो. आणि या कार्डाला त्या वाटेच्या १६ नाही, ८च लेन जोडलेल्या आहेत. माझा मदरबोर्ड पीसीआयईच्या चौथ्या पिढीचा, तिथे ८ लेन निभावून नेतात. त्याचा बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे वेग निम्मा. कार्डांच्या चाचण्या (बेंचमार्क) करणारे बहुतेक नवाकोरा बोर्ड वापरतात, त्यामुळे त्यांच्या आलेखात ही टोकं तेवढी दिसत नाहीत. टेक्श्चर एक पायरी खाली आणल्यावर आलेख पुन्हा सरळ झाला. पण पोरगं नवीन कार्ड टेक्श्चर खाली करण्यासाठी घेत नव्हतं.

मेमरीचं सगळ्यात चोख उदाहरण एनव्हिडियानेच देऊन ठेवलंय. ४०६० टीआय २०२३ साली ८ आणि १६ जीबी असं दोन रूपांत आलं. चिप तीच. जिथे ८ जीबी पुरते तिथे दोन्ही सारखीच चालतात, त्यामुळे १०० डॉलर जास्त कशाला, असा प्रश्न पडतो. जिथे पुरत नाही तिथे उत्तर मिळतं. २०२५ साली ५०६० टीआयच्या वेळी हाच फरक ५० डॉलरवर आला. दुसरी कंपनी एएमडी, तिच्या ९०६० एक्सटीचंही तसंच, आणि खोक्यावर नाव एकच. म्हणून कोटेशनवर नुसतं नाव असेल तर मी जीबी लिहून मागते. ३०६०चं तर १२ जीबीचं आणि नंतर आलेलं ८ जीबीचं अशी दोन कार्डं आहेत आणि त्यांत फक्त मेमरी नाही, मेमरीची वाटही अरुंद केलेली आहे.

फ्रेम जनरेशनचे, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये यंत्राने बनवलेल्या फ्रेम धरून येणारे, आकडे मी बाजूला ठेवते. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाचं ५०७० दाखवताना मागच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९०ची कामगिरी ५४९ डॉलरमध्ये, असं सांगितलं गेलं. त्यात मधल्या फ्रेम यंत्राने भरलेल्या होत्या. चित्र गुळगुळीत दिसतं, हे खरं. पण मूळ फ्रेम ३०च असतील तर माउस हलवल्यावर हाताला ३०च जाणवतात. शिवाय या सोयीलाही मेमरी लागते, म्हणजे जिथे तंगी तिथेच आणखी एक पाहुणा. डीएलएसएस (एनव्हिडियाचं) आणि एफएसआर (एएमडीचं) यांचं अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र तयार करून ते मोठं करणं, मला आवडतं, पण १०८०च्या पडद्यावर क्वालिटी मोडमध्येही आत ७२०चंच चित्र तयार होतं, हे लक्षात ठेवावं.

वीजपुरवठ्याबद्दल थोडंसंच, कारण त्यात माझीच फजिती आहे. काही वर्षांपूर्वी खेळ सुरू झाला की माझं मशीन रिस्टार्ट व्हायचं. मी कार्ड परत करायला निघाले होते. दोष निघाला एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात : वर ५०० वॉट लिहिलेलं, हातात घेतलं तर फरसाणाच्या डब्याएवढं हलकं. मीच ८०० रुपये वाचवायला घेतलेलं.

भाच्याने शेवटी ९०६० एक्सटी घेतलं, १६ जीबीचं. त्याला पूर्ण १६ लेन आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डाचं दुखणं निम्मं उरलं. रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून सावल्या, प्रतिबिंबं काढण्यात) आणि काही सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडिया अजून सोयीचं पडतं, हे मी त्याला सांगितलं होतं. त्याला त्यातलं काही लागत नाही. आलेख आता बाजारपेठेतही सरळ राहतो. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, मी अंगठा पाठवला.

ताईला त्या आलेखात काही रस नव्हता. पोराचं टेबल हॉलमध्ये आहे आणि तिची खोली शेजारी. तिने एवढंच विचारलं, "रात्री त्या पंख्यांची घरघर बंद झाली का गं?" जुन्या कार्डाची खूप व्हायची. याची दार लावलं की ऐकू येत नाही.