वरच्याची माती, खालच्याचं खाचर

तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय. त्याच्या वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनींवर बांधबंदिस्ती करून तलावात उतरणारी माती अडवायची, हे आमचं काम. ऑफिस दादरला, शेतं आसनगावच्या पुढे. शेतकऱ्यांना जागृत करायला हवं, असं दादरला बसून सगळ्यांनाच वाटतं. मे महिन्यातला हा प्रसंग त्यातल्या प्रत्येकाला मी ऐकवला आहे, फारसा फरक पडलेला नाही.

वर नाचणी-वरीचा उतार, त्याच्या लगेच खाली दुसऱ्याचं भातखाचर. आराखड्यात समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणायचे लांब खड्डे होते: 60 सेंटीमीटर रुंद, 30 खोल, दोन ओळींत 10 मीटर अंतर. आखणी ए-फ्रेमने. दोन सारखे पाय, मधे आडवी पट्टी, शेंड्यापासून दोरीला बांधलेला दगड. पाय अदलाबदल करून पट्टीवर दोन खुणा करायच्या. दोरी त्यांच्या बरोबर मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. दगड चांगला जड हवा, हलका वाऱ्याने झुलतो आणि पातळी चुकते.

फक्कीची पहिली ओळ पडली आणि खालचे काका चढून वर आले.

“ताई, ही माती तुमच्या तळ्यात जायच्या आधी माझ्या खाचरात थांबते. तिच्यावरच माझं भात होतंय. ती तुम्ही वरच अडवणार?”

मुद्दा बिनतोड होता. या भागातली मजगी, म्हणजे उतारावरची पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, अशीच तयार झाली आहे: ओहोळाला आडवा बांध, मागे साठलेला गाळ, दरवर्षी थोडा उंचावणारा. जूनमध्ये वरून शेणा-पालापाचोळ्याचं पाणी उतरतं, त्यावरच चिखलणी होते. काकांची दुसरी तक्रार जुलैची: “चर भरलं की फुटणार, आणि फुटलं की माझा बांध नेणार.”

हिशोब तिथेच वहीच्या मागच्या पानावर केला. एक मीटर चरात 0.18 घनमीटर पाणी मावतं. त्याच्या वरचा 10 मीटरचा पट्टा धरला, तर चर फक्त 18 मिलिमीटर वाहतं पाणी धरतो. जुलैतल्या एका जोरदार सरीचं काम. मग चराच्या काठचा मातीचा भराव जिथे कच्चा तिथून पाणी फुटतं, एका जागी गोळा होतं आणि ओघळ पाडतं. कमी पावसाच्या मुलखातलं माप उचलून इथे लावलं की हेच होणार. आमच्या नव्या इंजिनिअरचं म्हणणं होतं, “आराखडा मंजूर झालाय.” पाऊस मंजुरी बघून पडत नाही, एवढंच मी म्हटलं.

शेवटी चरांऐवजी दगडी बांध ठरले. पाया 15 सेंटीमीटर खोदून, तळाला 75 रुंद, उंची 60, वर निमुळता. मोठे दगड बाहेरून, बारीक आत. वरच्या बाजूने खडी ठासायची, म्हणजे पाणी झिरपून खाली जातं आणि माती मागे राहते. गोल गोटे रचले की पहिल्याच पुरात सुटतात. ठेकेदाराची माणसं हमखास तेच रचतात, कारण ओढ्यात ते हाताशी असतात. बांधाला लागून गिरिपुष्पाची (हिरवळीच्या खताचं झाड) अंगठ्याएवढी जाड, मीटरभर लांब खुंटं, पाऊस लागला की लावायची.

गाळ कमी होणार, त्याची भरपाई काकांना खाचरातच मिळायला हवी होती. म्हणून चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतला भाग घेतला: लावणीआधी गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधे युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची. ओळी आलटून पालटून 15 आणि 25 सेंटीमीटरवर लावल्या की गुंठ्याला 2.7 ग्रॅमच्या साधारण 625 ब्रिकेट लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. खत मातीत गाडलेलं, म्हणून सरीबरोबर वाहून तलावात जात नाही. यात तळ्याचा आणि काकांचा फायदा एकच आहे, आणि हेच आमच्या पत्रकात कुठे छापलेलं नाही. दमट हवेत ब्रिकेटला पाणी सुटतं, पिशवी उघडी राहिली तर सगळ्याचा एक गोळा होतो. खोचल्यावर खाचरात फिरायचं नाही. आणि वाकून खोचतात त्या बायका. एकरी पंचवीस हजार वेळा. पोस्टरवर मात्र फेटेवाला पुरुष. काकूंनी पहिला प्रश्न मजुरीचाच विचारला. त्यासाठी बजेटमध्ये रक्कम नव्हती.

पैसे देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये अजूनही ‘चर, रनिंग मीटर’ असा एकच रकाना आहे. दगडी बांध ‘इतर’मध्ये भरावे लागतात, आणि मीटिंगमध्ये ‘इतर’बद्दल कोणी विचारत नाही. शिवाय खुंटांना पुरेसा पाला यायला दोन-तीन पावसाळे लागतील. तोपर्यंतच्या पाल्यासाठी वरच्या मालकाच्या बांधावरची जुनी झाडं छाटायची तर त्याला त्याच फांद्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला हव्यात. त्या दोघांची बैठक अजून व्हायची आहे.